पुश्काशचा दुसरा डाव

फेरेन्त्स पुश्काशचं नाव निघालं की बोलणं हमखास वेम्बलीवर जातं. २५ नोव्हेंबर १९५३, हंगेरी ६, इंग्लंड ३. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट अंगावर धावून येतोय, पुश्काश डाव्या तळपायाने चेंडू मागे ओढतो, राइट मोकळ्या गवतावरून घसरत निघून जातो आणि चेंडू जाळ्यात. आजच्या पोरांना पुश्काश ठाऊक आहे तो फिफामुळे. २००९ पासून वर्षातल्या सर्वांत देखण्या गोलला त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो. मधली वर्षं मात्र, म्हणजे देश सुटल्यापासून स्पेनमध्ये निवृत्त होईपर्यंतची, चार ओळींत उरकली जातात.

मला वाटतं, त्याच्या कारकिर्दीचं खरं माप त्या मधल्या वर्षांतच आहे. वेम्बलीवर खेळला तो पुश्काश घरचा राजा होता: बालमित्र शेजारी, प्रशिक्षक ओळखीचा, अख्खा देश पाठीशी. माद्रिदमध्ये उतरला तो एकतीस वर्षांचा, दीड वर्ष खेळापासून तुटलेला, पोट सुटलेला परका माणूस होता. त्या माणसाने पुढे रेआल माद्रिदसाठी २६२ सामन्यांत २४२ गोल केले. हंगेरीचा एखादा स्ट्रायकर आज जर्मनीत किंवा तुर्कस्तानात खेळायला जातो, तेव्हा तो साधा कराराचा मामला असतो. तो इतका साधा व्हायला किती वर्षं लागली आणि त्यापायी कोणाला काय सोसावं लागलं, हे पुश्काशच्या या दुसऱ्या डावातून नीट दिसतं.

त्याचा जन्म १९२७ च्या एप्रिलमधला. वाढला बुडापेस्टच्या कडेच्या किशपेश्तमध्ये. घराण्याचं आडनाव पुर्त्सेल्ड, जर्मन वळणाचं. पुश्काश हे मागाहून घेतलेलं. वडील किशपेश्त क्लबकडून खेळलेले आणि तिथेच प्रशिक्षक झालेले. शेजारचा योझेफ बोझिक हा जिगरी दोस्त. दोघंही गल्लीत खेळत खेळत क्लबात पोचले. १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, पुश्काश किशपेश्तच्या मुख्य संघात आला. ऑगस्ट १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपून जेमतेम तीन महिने झाले असताना, तो देशाकडून ऑस्ट्रियाविरुद्ध उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. अंगाने बुटका, जाडसर, उजवा पाय जवळजवळ नावापुरता. पण डाव्या पायाची करामत अशी की १९४७-४८ च्या हंगामात त्याने एकट्याने लीगमध्ये ५० गोल केले.

हंगेरीच्या फुटबॉलपटूंनी बाहेर जाणं त्या काळी नवं नव्हतं. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत या लहानशा देशाने युरोपभर प्रशिक्षक आणि खेळाडू पुरवले. आर्पाद वाइसने इटलीत इंटरला आणि बोलोन्याला विजेतेपदं मिळवून दिली. तो ज्यू होता, आणि औश्वित्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. फेरेन्त्स प्लात्को बार्सिलोनाचा गोलरक्षक होता. बेला गुटमन व्हिएन्नात आणि अमेरिकेत खेळून आला होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. युद्धानंतर इश्त्वान न्येर्शने इंटरकडून खेळताना १९४८-४९ च्या हंगामात इटलीत सर्वाधिक, २६ गोल केले. वाट होती, मळलेली होती. कम्युनिस्टांनी सत्ता घट्ट पकडली आणि ती बंद झाली.

बंद झाली म्हणजे काय, हे दोन माणसांवरून कळतं. लास्लो कुबाला जानेवारी १९४९ मध्ये सोव्हिएत सैनिकाच्या वेषात, लॉरीत बसून ऑस्ट्रियाच्या सीमेकडे निघाला आणि निसटला. त्याच्यावर बंदी आली. निर्वासित खेळाडूंचा 'हुंगारिया' नावाचा संघ काढून तो मैत्रीपूर्ण सामने खेळत फिरला, आणि १९५० मध्ये बार्सिलोनाने त्याला उचललं. १९५२ मध्ये स्पोर्टिंग गिखॉनविरुद्धच्या एका लीग सामन्यात त्याने सात गोल केले. बार्सिलोनाच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आज कांप नोऊबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. दुसरा माणूस शांदोर स्यूच, उयपेश्तचा बचावपटू, देशाकडून खेळलेला. १९५१ मध्ये त्यानेही पळून जायचा प्रयत्न केला. तो पकडला गेला, देशद्रोहाचा खटला चालला आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याला फाशी दिली गेली. पुश्काशच्या पिढीतल्या प्रत्येक खेळाडूला या दोन्ही गोष्टी माहीत होत्या.

याच दरम्यान, १९४९ मध्ये, किशपेश्त क्लब संरक्षण खात्याने ताब्यात घेतला आणि त्याचा बुडापेस्ट होनव्हेद झाला. होनव्हेद म्हणजे सैन्याचा संघ. खेळाडूंना सैन्यात हुद्दे मिळाले, देशातले चांगले खेळाडू हळूहळू इथे जमवले गेले, आणि राष्ट्रीय प्रशिक्षक गुस्ताव शेबेशला तयार संघाचा कणा एका जागी मिळाला. पुश्काश मेजर झाला. परदेशी वर्तमानपत्रं त्याला 'चौखूर उधळणारा मेजर' म्हणत. खेळातला त्याचा वेग पायांपेक्षा डोक्यात होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरी तो 'ओची' होता, म्हणजे धाकटा भाऊ, छोटू.

सरकार आणि संघ यांच्यात एक न लिहिलेला सौदा होता. खेळाडूंनी जिंकायचं, देशाची शान वाढवायची. त्या बदल्यात बाकी जनतेला न मिळणाऱ्या गोष्टी त्यांना मिळायच्या. परदेश दौऱ्यावरून नायलॉनचे मोजे, घड्याळं असा माल बॅगांतून यायचा आणि सीमेवरचे अधिकारी डोळेझाक करायचे. पुश्काश तोंडाळ होता, मंत्र्यांशीही चेष्टामस्करी करायचा, आणि ती खपवून घेतली जायची. जोवर संघ जिंकत होता तोवर.

आणि संघ जिंकत होताच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हंगेरीने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला २–० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. आपल्याकडच्या वाचकांना त्या संघाच्या ताकदीचा अंदाज एका आकड्यावरून येईल: याच युगोस्लाव्हियाने त्याच स्पर्धेत भारताला १०–१ असं धुतलं होतं. मग वेम्बली. मग मे १९५४ मध्ये बुडापेस्टला परतीचा सामना, त्यात इंग्लंडचा ७–१ असा चुराडा. १९५० पासून हा संघ हरलाच नव्हता. तो हरला ४ जुलै १९५४ रोजी, बर्नच्या वांकडॉर्फ मैदानावर, नेमका विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात. साखळीत ज्या पश्चिम जर्मनीला ८–३ असं हरवलं होतं, त्यांनीच घोटा दुखावलेल्या पुश्काशच्या संघाला ३–२ असं गाठलं. पहिल्या आठ मिनिटांत हंगेरी २–० पुढे होती. शेवटच्या मिनिटांत पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला, पण लाइन्समनचा झेंडा वर गेला: ऑफसाइड. बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले. गोलरक्षक ग्रोसिचवर पुढे संशयाचं बालंट आलं आणि त्याची रवानगी तातबान्याच्या क्लबात झाली. सौदा तुटायला तिथून सुरुवात झाली.

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले तेव्हा होनव्हेदचा संघ देशाबाहेर पडलेला होता. त्यांचा युरोपियन चषकाचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, सामना स्पेनच्या अथलेटिक बिलबाओशी ठरलेला होता. गोंधळ इतका की पुश्काश मारला गेल्याच्या बातम्या परदेशी पत्रांत छापून आल्या. २२ नोव्हेंबरला बिलबाओत होनव्हेद ३–२ असं हरलं. परतीचा सामना बुडापेस्टला होणं शक्यच नव्हतं. तो २० डिसेंबरला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर झाला. गोलरक्षक फारागो जायबंदी झाला. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून डावा विंगर झोल्तान सिबोर गोलमध्ये जाऊन उभा राहिला. जगातल्या सर्वांत चपळ विंगरपैकी एक, हातमोजे घालून. तरी होनव्हेदने ३–३ अशी बरोबरी काढली. एकूण ६–५ अशी हार, आणि स्पर्धेतून बाहेर.

या दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत मेलबर्नला ऑलिंपिक चालू होतं, आणि तिथे आपला एक धागा या गोष्टीत गुंततो. हंगेरीचा फुटबॉल संघ आला नाही, त्यामुळे पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. पुढच्या सामन्यात, १ डिसेंबरला, मूळचा गोव्यातल्या आसगावचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा यजमान ऑस्ट्रेलियावर तुटून पडला. तीन गोल त्याचे, भारत ४–२ असा विजयी, आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला आशियातला पहिला देश. भारतीय फुटबॉलच्या त्या सर्वांत मोठ्या दिवसाची वाट बुडापेस्टच्या रणगाड्यांनी अंशतः मोकळी केली होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

ब्रसेल्सनंतर होनव्हेदच्या खेळाडूंपुढे प्रश्न होता: परत जायचं की नाही? पुश्काशची बायको आणि लहान मुलगी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पोचल्या होत्या. सगळ्यांची घरं मात्र अशी सुटलेली नव्हती. संघाचा व्यवस्थापकीय मेंदू एमिल ओस्ट्राइखरने इटली, पोर्तुगाल, स्पेनमध्ये सामने ठरवले. माद्रिदच्या निवडक संघाशी ५–५, बार्सिलोनावर ४–३ असा विजय. लोक पैसे मोजून बघायला यायचे. हंगेरीच्या महासंघाने परत या म्हणून बजावलं, फिफाने दौऱ्याला मनाई केली. तरी संघ ब्राझीलला गेला. प्रशिक्षक म्हणून सोबत होता बेला गुटमन. १९५७ च्या सुरुवातीला ते रिओमध्ये फ्लामेंगो आणि बोटाफोगोशी खेळले.

फिरतीवरचा तो संघ मला फार अस्वस्थ करतो. देश नाही, क्लबचं नाव वापरायची परवानगी नाही, बिदागी मिळेल तिथे खेळायचं, आणि खेळ मात्र अजून जगात पहिल्या दर्जाचा. हे फार काळ चालणं शक्य नव्हतं. युरोपात परतल्यावर संघ फुटला. बोझिक बुडापेस्टला परत गेला. आणखीही बरेच गेले. गुटमन ब्राझीलमध्येच साओ पावलोचा प्रशिक्षक म्हणून राहिला. पुश्काश, शांदोर कोचिश आणि सिबोर परतले नाहीत. पुश्काश आणि बोझिक, लहानपणापासून एका गल्लीतले, एका संघातले, इथे वेगळे झाले. कोणाचा निर्णय बरोबर होता, हा प्रश्न मी विचारणार नाही. ज्याची माणसं आत होती तो गेला, ज्याची बाहेर होती तो राहिला, इतकंच मला दिसतं.

पुश्काश सैन्याचा अधिकारी होता. न परतणं म्हणजे नुसतं क्लब सोडणं नव्हतं, सैन्यातून पळून जाणं होतं. बंदी आली. १९५७ च्या सुरुवातीपासून १९५८ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याला एकही अधिकृत सामना खेळता आला नाही. तो व्हिएन्नात राहिला, इटलीत बोर्दिगेरा या समुद्रकाठच्या गावात राहिला. वय तीसच्या पुढे, सराव नाही, खाण्यावर ताबा नाही. वजन भरमसाट वाढलं. इटलीतल्या मोठ्या क्लबांनी त्याला पाहिलं आणि मान हलवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा अर्धा संघ गेला, तेव्हा तिथेही त्याचं नाव चर्चेत आलं. पण इंग्लंडचे परदेशी खेळाडूंबाबतचे नियम आडवे आले.

हाक आली माद्रिदहून. ओस्ट्राइखर तोवर रेआल माद्रिदच्या कारभारात रुजू झाला होता आणि त्याने अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊंकडे पुश्काशसाठी शब्द टाकला. रेआलने तोपर्यंत झालेले तिन्ही युरोपियन चषक जिंकलेले होते. दि स्तेफानो, खेन्तो, कोपा, रियाल, सांतामारिया असे लोक आधीच संघात होते. अशा ठिकाणी सुटलेल्या पोटाचा, एकतिशीचा माणूस कशाला, असा प्रश्न प्रशिक्षक लुईस कार्निग्लियाला पडला नसता तरच नवल. बेर्नाबेऊंनी मात्र हट्ट सोडला नाही. काही आठवडे पुश्काश घाम गाळत पळत राहिला. २१ सप्टेंबर १९५८ रोजी, स्पॅनिश लीगमधल्या त्याच्या दुसऱ्याच सामन्यात, स्पोर्टिंग गिखॉनविरुद्ध त्याने तीन गोल मारले. पुढच्या जानेवारीत लास पाल्मासला रेआलने १०–१ असं हरवलं. तीन गोल त्याचे, तीन दि स्तेफानोचे.

खरा पेच मैदानात नव्हता, दि स्तेफानोशी होता. रेआल हा त्याचा संघ. बचावापासून आघाडीपर्यंत सगळीकडे तोच, सगळ्यांना ओरडणारा तोच. ब्राझीलचा दिदी पुश्काशनंतर वर्षभराने संघात आला आणि दि स्तेफानोशी न जमल्याने निघून गेला.  पुश्काशचं जमलं, कारण त्याला जागेवरून भांडायचं नव्हतं. आयुष्यभर कर्णधार राहिलेल्या माणसाने इथे दुसऱ्याचं राज्य मान्य केलं. पहिल्या हंगामाच्या अखेरीचा एक किस्सा माद्रिदमध्ये सांगतात: दोघांचे गोल सारखे झालेले, समोर मोकळा गोल, आणि पुश्काशने स्वतः न मारता चेंडू दि स्तेफानोकडे सरकवला. किस्सा शब्दशः खरा असो वा नसो, त्या हंगामाची नोंद अशी की सर्वाधिक गोलांचा मान दि स्तेफानोला गेला आणि पुश्काश किंचित मागे राहिला. पुढे हा मान पुश्काशने चार वेळा घेतला: १९६०, १९६१, १९६३ आणि १९६४. शेवटच्या वेळी त्याचं वय होतं सदतीस.

स्पॅनिश लोकांनी त्याला 'पांचो' म्हटलं, 'कान्योन्सितो पुम' म्हटलं, म्हणजे धडाम करणारी छोटी तोफ. तो पळायचा कमी. योग्य जागी आधीच जाऊन उभा असायचा, आणि डाव्या पायाची पाठ इतकी छोटी झेप घेऊन चेंडूवर यायची की गोलरक्षकाला अंदाजच येत नसे.

१८ मे १९६० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर युरोपियन चषकाचा अंतिम सामना होता, रेआल विरुद्ध आइनट्राख्ट फ्रांकफुर्ट. तो होण्याआधीच अडला होता. १९५४ च्या अंतिम सामन्यात जर्मन खेळाडूंनी उत्तेजक घेतलं होतं, असा संशय पुश्काशने जाहीरपणे बोलून दाखवला होता. चिडलेल्या जर्मन महासंघाने पुश्काश ज्या संघात असेल त्याच्याशी खेळायला जर्मन क्लबांना मनाई केली होती. पुश्काशने लेखी माफी मागितली, तेव्हा कुठे सामना मार्गी लागला.

फ्रांकफुर्ट काही लिंबूटिंबू नव्हतं. त्यांनी उपांत्य फेरीत ग्लासगोच्याच रेंजर्सना दोन सामन्यांत मिळून १२ गोल मारले होते. सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक जमले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना वाटत होतं की जर्मन जिंकतील. पहिला गोल फ्रांकफुर्टचाच. मग दि स्तेफानोचे दोन. मध्यंतराच्या तोंडावर पुश्काशने गोलरेषेजवळून, जवळजवळ कोनच नसताना, चेंडू वरच्या जाळ्यात ठोकला. मध्यंतरानंतर पेनल्टीवर दुसरा, मग डोक्याने तिसरा, आणि एकाहत्तराव्या मिनिटाला पाठ गोलकडे असताना वळून मारलेला चौथा. रेआल ७, फ्रांकफुर्ट ३. दि स्तेफानोचे तीन, बाकी चार एकट्या पुश्काशचे. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूने चार गोल करणं हे आजतागायत दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. ज्या देशाने विश्वचषक हिरावला होता, त्याच देशाच्या क्लबविरुद्ध हे झालं. पुश्काशने त्याला सूड म्हटलं असेल-नसेल, बुडापेस्टमध्ये कानोकानी बातमी पोचली तेव्हा लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते.

कोचिश आणि सिबोर बार्सिलोनात होते, कुबालाच्या जोडीला. कोचिशला थोडं विसरलं जातं, ते मला खटकतं: १९५४ च्या विश्वचषकात ११ गोल, देशाकडून ६८ सामन्यांत ७५. १९६०-६१ मध्ये याच बार्सिलोनाने रेआलला युरोपियन चषकातून पहिल्यांदा बाहेर काढलं आणि अंतिम फेरी गाठली. ती झाली बर्नच्या वांकडॉर्फवर. तेच मैदान. समोर लिस्बनचं बेनफिका, आणि त्यांचा प्रशिक्षक बेला गुटमन. कोचिशने गोल केला, सिबोरने गोल केला, आणि बार्सिलोना हरली ती ३–२ अशी, सात वर्षांपूर्वी हंगेरी हरली त्याच आकड्याने. वांकडॉर्फचे गोलखांब चौकोनी होते. बार्सिलोनाचे फटके पुन्हा पुन्हा लाकडावर आपटले. कुबालाचा एक फटका तर एका खांबाला लागून रेषेवरून सरकत दुसऱ्या खांबाला लागला आणि बाहेर आला.

पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला गुटमनच्या बेनफिकासमोर रेआल होतं. पहिल्या अर्ध्या तासाच्या खेळात पुश्काशने दोन आणि मध्यंतरापूर्वी तिसरा गोल मारला. तरी सामना गेला, ५–३. शेवटचे दोन गोल करणाऱ्या वीस वर्षांच्या युसेबियोला पुश्काशने सामन्यानंतर स्वतःचा शर्ट दिला. अंतिम सामन्यात तीन गोल करून हरणं, तेही आपल्याच देशातल्या, एकेकाळी आपल्याच सोबत ब्राझीलभर हिंडलेल्या प्रशिक्षकाकडून, हे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलं नसेल.

त्याच उन्हाळ्यात तो स्पेनकडून विश्वचषक खेळायला चिलीला गेला. नागरिकत्व मिळालेलं होतं. हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल करणाऱ्या माणसाने स्पेनसाठी चार सामन्यांत एकही गोल केला नाही. स्पेन गटातच गारद झाला, आणि पुश्काशविना आलेली हंगेरी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली.

रेआलकडून तो १९६६ पर्यंत राहिला. पाच सलग लीग विजेतेपदं, १९६२ चा स्पॅनिश चषक, आणि युरोपियन चषकात रेआलसाठी ३९ सामन्यांत ३५ गोल. प्रशिक्षक म्हणून मग तो जगभर भटकला: ग्रीस, चिली, सौदी अरेबिया, इजिप्त, पॅराग्वे. १९७१ मध्ये त्याने अथेन्सच्या पानाथिनाइकोसला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. ग्रीसच्या दुसऱ्या कोणत्याच क्लबला ते साधलेलं नाही. सामना वेम्बलीवर होता. आयाक्सने २–० असा जिंकला. १९८९ ते १९९२ तो मेलबर्नमध्ये साउथ मेलबर्न हेलास या ग्रीक स्थलांतरितांच्या क्लबचा प्रशिक्षक होता. इंग्रजी जुजबी, पण ग्रीक येत होतं. क्लबचा कर्णधार, ग्रीक घरातला एक तरुण बचावपटू, त्याला गाडीतून ने-आण करायचा आणि दुभाषाचं कामही करायचा. त्याचं नाव अँजे पोस्टेकोग्लू. पुढे सेल्टिक आणि टॉटनहॅमचा प्रशिक्षक झाल्यावरही आपल्या आक्रमक खेळाचं मूळ सांगताना तो पुश्काशचं नाव घेत आला आहे.

हंगेरीत तो पहिल्यांदा परतला १९८१ मध्ये, पंचवीस वर्षांनी, माजी खेळाडूंच्या एका सामन्यासाठी. नव्वदच्या दशकात कायमचा आला. १९९३ मध्ये चार सामन्यांपुरता राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला. अखेरची वर्षं अल्झायमरने खाल्ली. १७ नोव्हेंबर २००६ रोजी बुडापेस्टमध्ये तो गेला, आणि सेंट स्टीफन बॅसिलिकात त्याला पुरण्यात आलं.

त्याच्या मागे देशाचा फुटबॉल पुन्हा त्या उंचीवर गेला नाही. फ्लोरियान आल्बर्ट हा १९६७ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण आयुष्यभर फेरेन्त्सवारोशकडूनच खेळला. बाहेर पडायची रीतसर वाट अजून नव्हतीच. ती ऐंशीच्या दशकात किलकिली झाली. सरकार मोजक्या नामवंतांना परवानगी देऊ लागलं. तिबोर न्यिलाशी १९८३ मध्ये ऑस्ट्रिया व्हिएन्नाकडे गेला, लायोश देतारी १९८७ मध्ये होनव्हेदमधून फ्रांकफुर्टला, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच फ्री किकवर फ्रांकफुर्टने जर्मन चषक जिंकला. मग राजवट गेली, करार संपलेल्या खेळाडूला क्लब बदलायची मोकळीक देणारा १९९५ चा बोसमन निकाल आला, २००४ मध्ये हंगेरी युरोपीय संघात गेली, आणि परवानगी हा शब्दच उरला नाही. नेमान्या निकोलिचने पोलंडच्या लेगिया वॉर्सॉकडून २०१५-१६ मध्ये २८ गोल करून तिथला सर्वाधिक गोलांचा मान घेतला, आणि २०१७ मध्ये शिकागोकडून खेळताना अमेरिकेतलाही. आदाम सलाई रेआल माद्रिदच्या राखीव संघातून पुढे जर्मनीत स्थिरावला. २०१६ च्या युरो स्पर्धेत ऑस्ट्रियाविरुद्ध त्याने केलेला गोल हा हंगेरीचा मोठ्या स्पर्धेतला तीस वर्षांतला पहिला. यांतल्या कोणाला लॉरीत लपावं लागलं नाही, कोणाच्या घरच्यांना सीमा ओलांडावी लागली नाही.

पुश्काशचं नाव आज हंगेरीत सगळीकडे आहे. २०१९ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय मैदान त्याच्या नावाचं. फेल्चूत या खेड्यात २००७ मध्ये त्याच्या नावाची अकादमी निघाली. व्हिक्तोर ओर्बान यांचं बालपण तिथे गेलं, आणि ते पंतप्रधान असताना, २०१४ मध्ये, तिथे 'पांचो अरेना' उभं राहिलं. पुश्काशचा त्या गावाशी काही संबंध नव्हता. ज्या किशपेश्तमध्ये तो घडला, त्या गल्लीतलं मैदान आता बोझिकच्या नावाचं आहे, आणि ते योग्यच आहे. तिथला होनव्हेद मात्र २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुश्काशच्या नावाने एवढा पैसा ओतायचाच होता, तर तो आधी किशपेश्तच्या पोरांपर्यंत पोचायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.